हरभऱ्याची पेरणी केव्हा करावी, पाणी किती द्यावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या काळ्या आणि मध्यम जमिनीत घेतल्या जाणाऱ्या रब्बी हरभऱ्यासाठी ही उत्तरे आहेत. बहुतेक जण पेरणीची तारीख आणि पाण्याच्या पाळ्या हे दोन वेगळे प्रश्न समजतात. प्रत्यक्षात पेरणी कोणत्या तारखेला झाली, यावरच पुढच्या प्रत्येक पाण्याची किंमत ठरते. म्हणून सुरुवात पेरणीपासून.

हरभरा नेमका केव्हा पेरावा?

जिरायत हरभरा २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर आणि बागायत हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर. राज्यातल्या शिफारशी याच चौकटीत आहेत आणि त्यामागची कारणे पक्की आहेत.

जिरायत पिकाला पावसाने मुरवून ठेवलेल्या ओलीवरच दिवस काढायचे असतात. परतीचा पाऊस थांबला की काळ्या जमिनीचा वरचा थर झपाट्याने सुकतो. पेरणी आठवडाभर लांबली तरी बी कोरड्या मातीत पडते आणि उगवण विरळ होते. म्हणून तिथे थोडे ऊन सोसूनही लवकर पेरावे लागते.

बागायतीत ओलीची घाई नसते, त्यामुळे थंडीची वाट पाहता येते. हरभरा उगवायला २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेले पीक डिसेंबरच्या मध्यावर फुलावर येते आणि जानेवारीच्या थंडीत घाटे (शेंगा) भरते. या पिकाला हवे असते तेच हे वेळापत्रक.

पाणी भरपूर आहे, मग सप्टेंबरअखेरीसच पेरले तर पीक लवकर निघणार नाही का?

निघेल, पण शेतात झाडे किती उरतील हा प्रश्न आहे. ऑक्टोबरच्या उन्हात जमीन तापलेली असते. मर रोगाच्या बुरशीला २५ ते ३० अंशांची जमीन मानवते. ओलिताने रान ओले, वरून ऊन आणि सोयाबीनचा न कुजलेला काडीकचरा मातीत, अशी गाठ पडली की मानकुजव्यानेही रोपे बसतात. जमिनीलगत देठ कुजतो आणि त्यावर पांढरी बुरशी, कधी मोहरीएवढे दाणे दिसतात. अशा वेळी शेतकरी पाणी कमी पडले समजून आणखी पाणी देतात आणि रोग वाढतो.

जिरायतीत लवकर पेरताना हाच धोका थोड्या प्रमाणात असतो. म्हणून तिथे मर रोगाला तोंड देणारे वाण (विजय, दिग्विजय, जाकी ९२१८) आणि बीजप्रक्रिया या दोन्ही गोष्टी टाळू नयेत. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम आणि शेवटी रायझोबियम व स्फुरद विरघळवणारे जिवाणू गुळाच्या थंड द्रावणातून चोळावेत. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. क्रम उलटला तर बुरशीनाशक जिवाणूंनाच मारते.

सोयाबीन उशिरा निघाले. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरले तर नुकसान किती?

पेरणी १० नोव्हेंबरच्या पुढे जितकी सरकते तितके उत्पादन घटते. आकडा जमिनीवर आणि त्या वर्षीच्या उन्हावर ठरतो, पण घट कशी होते ते समजून घेतले तर काही भाग वाचवता येतो.

पहिला मार फांद्यांवर बसतो. ऐन थंडीत रोपाची वाढ मंद राहते आणि पुढे लगेच ऊन वाढत जाते. त्यामुळे रोपाला पसरायला वेळ मिळत नाही. वेळेवर पेरलेले बागायत पीक १०५ ते ११० दिवस घेते, तर उशिराचे पीक ९० दिवसांच्या आसपासच उरकते. हे कमी झालेले दिवस फांद्या फुटण्याच्या आणि दाणे भरण्याच्या काळातून जातात.

दुसरा मार घाटे भरताना. डिसेंबरात पेरलेल्या पिकाचे घाटे फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये भरतात. दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले की परागकण निकामी होऊ लागतात, फुले गळतात आणि लागलेल्या घाट्यांतला दाणा चिमतो. त्याच काळात घाटे अळीही जोरात असते.

तिसरा मार पाण्यावर बसतो आणि तोच सहसा हिशेबात धरला जात नाही. डिसेंबर-जानेवारीत उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला साधारण ४ मि.मी. उडते, मार्चमध्ये ७ ते ८ मि.मी. म्हणजे जानेवारीत जे पाणी महिनाभर पुरले असते, ते मार्चमध्ये पंधरा-वीस दिवसांत संपते. उशिराचे पीक कमी दिवस जगते, कमी पिकते आणि तरी पाळ्या तेवढ्याच किंवा एखादी जास्तच मागते.

उशीर झालाच असेल तर विजय किंवा दिग्विजयसारखा उशिरा पेरणीला चालणारा वाण घ्यावा. फांद्या कमी फुटणार म्हणून बियाणे पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढवावे. दोन ओळींतले अंतर ३० सें.मी.पेक्षा जास्त ठेवू नये. रान ओलवण्यात दिवस जात असतील तर तुषारने (स्प्रिंकलरने) हलके पाणी देऊन वाफसा (पेरणीजोगी ओल) लवकर आणता येतो. डिसेंबरचा पहिला आठवडाही हुकला तर त्या रानात हरभऱ्याचा हट्ट धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एकरी बियाणे किती आणि किती खोल पेरावे?

बारीक दाण्याच्या वाणांना (विजय) एकरी २६ ते २८ किलो, विशाल, दिग्विजय यांसारख्या मध्यम-टपोऱ्या दाण्यांना ४० किलो, कृपासारख्या मोठ्या काबुलीला ५० किलो. अंतर ३० × १० सें.मी. ठेवले की एकरी सुमारे १ लाख ३३ हजार रोपे बसतात.

बागायतीत ५ सें.मी. खोली पुरे. जिरायतीत बी ओलीवर पडले पाहिजे, त्यासाठी ८ ते १० सें.मी.पर्यंत जावे लागते. पेरणीआधी दोन-तीन ठिकाणी खुरप्याने उकरून ओल कुठे लागते ते पाहावे आणि पाभरीची (पेरणीच्या अवजाराची) खोली त्यावर लावावी.

आधी पेरून मग पाणी द्यावे, की रान ओलवून वाफशावर पेरावे?

वाफशावरच. कोरड्यात पेरून वरून पाट सोडला की काळ्या मातीवर पापडी धरते, खोलगट जागी बी कुजते आणि उंचवट्यावर ते उघडे पडते. अशी खंडित उगवण पुढे कितीही पाणी दिले तरी भरून निघत नाही. ओलवणीचे पाणी देऊन चार-सहा दिवसांनी माती हातात घ्यावी. मुठीत दाबल्यावर गोळा होऊन टाकल्यावर फुटली की पेरणीची वेळ आली.

पाणी किती वेळा आणि कोणत्या दिवशी?

भारी काळ्या जमिनीत दोन पाण्यांवर काम भागते. पहिले ३० ते ३५ दिवसांनी, दुसरे ६५ ते ७० दिवसांनी. मध्यम जमिनीत तीन: २० ते २५, ४५ ते ५० आणि ६५ ते ७० दिवसांनी. प्रत्येक पाणी ७ ते ८ सें.मी. आणि ओलवणी धरून पिकाची एकूण गरज साधारण २५ सें.मी.

हे दिवस जमीन किती ओल धरते यावरून ठरले आहेत. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल अशी १५० ते २०० मि.मी. ओल साठवते, मध्यम जमीन तिच्या निम्म्याच्या आसपास. हरभऱ्याचे सोटमूळ मीटरभर आणि त्याहून खोल जाते, पण वरचा थर सतत ओला ठेवला तर ते खाली उतरण्याची तसदी घेत नाही. म्हणून पहिले पाणी गरजेशिवाय लवकर देऊ नये. भारी जमिनीत वीस दिवसांच्या आत दिलेल्या पाण्याने पाने गर्द होतात, झाड उंच होते, पण मूळ उथळ राहते आणि पुढे तेच पीक पाण्यासाठी आधी माना टाकते.

पाण्याची खरी वेळ ओळखायला १५ ते २० सें.मी. खोलीवरची माती काढून मुठीत दाबावी. गोळा होत असेल तर थांबा. माती ठिसूळ पडून गोळा होत नसेल आणि दुपारी मलूल झालेली पाने संध्याकाळीही पुरती सावरत नसतील तर उशीर होऊ लागला आहे.

भेगा पडेपर्यंत थांबलो तर चालेल का?

नाही. हरभऱ्याच्या पाण्यात सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. मोठ्या भेगा पडल्यावर पाट सोडला की पाणी पुढे सरकतच नाही. ते भेगांतून खाली जाते, एकेका साऱ्याला (पाण्यासाठी पाडलेल्या लांबट वाफ्याला) दुप्पट वेळ लागतो आणि मुळांभोवती पाणी साचून राहते. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींना हवा लागते. त्या गुदमरल्या की पिकाला त्यांच्याकडून मिळणारे नत्र बंद होते, पीक पिवळे पडते आणि पुढे उभळते (जादा पाण्याने सुकून जाते). पाणी मोठे खर्च झाले आणि उत्पादन मात्र घटले, असा दुहेरी तोटा होतो.

भेगा केसासारख्या दिसू लागताच पाणी द्यावे. पहिल्या पाण्याआधी कोळपणी (ओळींमधली उथळ मशागत) केलेली असेल तर मातीचा भुसभुशीत थर भेगा बुजवतो आणि तणही जाते. भेगा मोठ्या झाल्याच असतील तर पाटाने पाणी सोडू नये. तुषार संच मिळत असेल तर त्याने दोन-तीन तास हलके पाणी द्यावे.

सारे कसे पाडावेत?

अरुंद आणि आखूड. रुंदी ३ मीटरच्या आसपास, लांबी ढाळ पाहून ५० मीटरच्या आत. लांब साऱ्यात तोंडाकडचे पीक उभळते आणि शेवटचे तहानलेले राहते. काळ्या जमिनीत पाणी साऱ्याच्या पाऊण भागात पोहोचले की बारे मोडावे (पाणी पुढच्या साऱ्यात वळवावे), उरलेला भाग पुढे सरकणाऱ्या पाण्याने भिजतो. टोकाला पाणी साचत असेल तर तिथे चर काढून द्यावा. सरी-वरंब्यावर (९० सें.मी. सऱ्या, वरंब्याच्या दोन्ही बाजूंना १० सें.मी.वर टोकण) पाणी मुळांच्या बाजूने झिरपते, गळ्याशी साचत नाही. चिबड (पाणी साचणाऱ्या) जमिनीत आम्ही हीच पद्धत सुचवू.

तुषारने पाणी द्यायचे तर संच किती तास चालवावा?

तास विचारून उपयोग नाही, आपल्या नोझलचा हिशेब मांडावा लागतो. तो सोपा आहे.

नोझलवर नळीचा तुकडा धरून २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. तोंडे दोन असतील तर दोन्हींचे पाणी धरा. ४८ सेकंद लागले तर नोझल तासाला १,५०० लिटर पाणी देते. नोझल १२ × १२ मीटरवर असतील तर एकाच्या वाट्याला १४४ चौरस मीटर येतात. १,५०० ला १४४ ने भागले की १०.४, म्हणजे तासाला साधारण १० मि.मी. पाऊस. चार तासांत ४० मि.मी. झाले.

पाटाने ७० मि.मी. पाणी देताना एकरी सुमारे २ लाख ८० हजार लिटर लागतात. तुषारने ४० मि.मी. दिले तर सुमारे १ लाख ६० हजार. हे ४० मि.मी. सगळ्या रानावर सारखे पडते आणि हरभऱ्याला एका पाळीला तेवढे पुरते.

विजेच्या वेळेशीही हे जुळवून पाहा. १२ नोझल एकदम चालले तर एका बैठकीत १,७२८ चौरस मीटर भिजतात. आठ तासांच्या विजेत चार-चार तासांच्या दोन बैठका, म्हणजे साधारण ३४ गुंठे. एकराला आठ तास थोडे कमीच पडतात. म्हणून पाच एकरांचे पाणी एका दिवसात उरकेल असे धरू नये, पहिल्या तुकड्याला दोन-चार दिवस आधी सुरुवात करावी.

दाब कमी असेल तर पाणी नोझलजवळच पडते आणि मधल्या पट्ट्या कोरड्या राहतात. शंका असेल तर दोन नोझलांच्या मध्ये सारख्या तोंडाचे चार-पाच डबे ठेवून तासाभराने पाणी मोजावे. वारा जोराचा असेल तेव्हा संच बंद ठेवावा, रात्री किंवा पहाटे चालवावा.

फुलोऱ्यात तुषारने पाणी दिले तर फुले गळतात का?

हो, ऐन फुलोऱ्यात तुषार टाळावा. थेंबांच्या माराने उमललेली फुले झडतात, पीक दाट असेल तर आत दमटपणा राहून बुरशी वाढते. पानांवरची आंबही (आंबट रस) धुतली जाते. भारी जमिनीत पहिले पाणी कळ्या दिसण्याआधी आणि दुसरे घाटे लागल्यावर, असे बसवले की मधल्या काळात संच लावायची गरज पडत नाही. पेरणीच्या दिवशीच पाण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या त्या याचसाठी.

कालव्याचे आवर्तन (पाणी सोडण्याची पाळी) आपल्या हातात नसते. मग?

मग पेरणी आवर्तनाला जुळवा. कालव्यावरच्या शेतकऱ्याने उलट मोजत यावे. १ नोव्हेंबरला पेरले तर ३५वा दिवस ६ डिसेंबरला आणि ६५वा ५ जानेवारीला येतो. २० ऑक्टोबरला पेरले तर तेच दिवस २४ नोव्हेंबर आणि २४ डिसेंबर. रब्बीचे पहिले आवर्तन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येणार असे दिसत असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली पेरणी चांगली, कारण २० ऑक्टोबरच्या पिकाला ते पाणी ऐन फुलोऱ्यात मिळेल.

आवर्तन आले म्हणून गरज नसताना पाणी घेण्याचा मोह मोठा असतो. ‘पाणी पुन्हा कधी येईल कोण जाणे’ ही भीती खरी आहे, पण ओल असलेल्या भारी जमिनीत घेतलेले जादा पाणी हरभऱ्याला थेट नुकसान करते. शेततळे असेल तर ते पाणी तिथे घ्यावे.

विहिरीत एकाच पाण्यापुरते पाणी आहे. ते केव्हा द्यावे?

मध्यम जमिनीत कळ्या दिसू लागताना, म्हणजे ३५ ते ४० दिवसांनी. उशीर केला तर फुलोऱ्यातच ओल संपते आणि घाट्यांची संख्या घटते. खोल काळ्या जमिनीत मात्र फुलोऱ्यापर्यंतचा खर्च जमीन स्वतः उचलते. तिथे ते पाणी घाटे लागू लागताना दिले तर दाणा भरतो.

दोन एकरांना एक-एक पाणी, की एका एकराला दोन?

जिरायत हरभऱ्याला एक पाणी मिळाले तर उत्पादनात साधारण ३० टक्के आणि दोन पाण्यांनी ६० टक्के वाढ धरली जाते. समजा जिरायतीत एकरी ४ क्विंटल येतात. दोन एकरांना एक-एक पाणी दिले तर ५.२ अधिक ५.२, एकूण १०.४ क्विंटल. एका एकराला दोन पाणी आणि दुसरा एकर कोरडा, तर ६.४ अधिक ४, पुन्हा १०.४.

कागदावर बरोबरी झाली तरी आम्ही पाणी दोन एकरांवर पसरण्याच्या बाजूचे आहोत. एक पाणी योग्य वेळी साधणे सोपे असते. दुसऱ्या पाण्यापर्यंत विहीर तग धरेल याची खात्री नसते. मध्येच अवकाळी पाऊस आला तर दोन पाणी दिलेला एकर उभळतो. जमीन हलकी असेल तर मात्र उत्तर बदलते: तिथे एका पाण्याने पीक शेवटास जात नाही, म्हणून क्षेत्र कमी करून पाळ्या पुऱ्या कराव्यात.

तिसऱ्या पाण्याचा हिशेब असा सरळ चालत नाही. मध्यम जमिनीत ते उपयोगी पडते. भारी जमिनीत बहुतेक वेळा त्यातून पालाच वाढतो. ते पाणी गव्हाच्या किंवा कांद्याच्या वाट्याला गेलेले बरे.

ठिबक बसवावे का?

केवळ हरभऱ्यासाठी नवा खर्च करू नये. कापसाचे किंवा उसाचे ठिबक शेतात असेल तर नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक ओळ टोकून ते जरूर वापरावे. रोज थोडे पाणी देण्याची सवय इथे नको. आठ-दहा दिवसांनी पुरेसे सोडावे, नाहीतर मुळे नळीखालीच घुटमळतात.

पाण्याबरोबर युरिया फेकला तर वाढ चांगली होईल ना?

पाला चांगला होईल. पेरताना एकरी एक गोणी डीएपी आणि २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिले की जमिनीतून आणखी नत्र देण्याची गरज नसते, बाकी काम मुळांवरच्या गाठी करतात. वरून युरिया पडला की गाठी आळसावतात. फुलोऱ्यात आणि पुन्हा दहा-पंधरा दिवसांनी २ टक्के युरियाची फवारणी (१० लिटर पाण्यात २०० ग्रॅम) करावी. जिरायतीत ओल कमी असताना तिचा फायदा जास्त दिसतो.

डिसेंबरात ढगाळ हवा आहे आणि पाण्याची तारीख आली आहे. काय करावे?

तीन-चार दिवस थांबावे. ढगाळ दिवसांत झाड पाणी कमी ओढते, आधीच फुलगळ चालू असते आणि त्यात ओल वाढली की पीक नुसतेच माजते. ऊन पडल्यावर माती तपासून मगच पाणी द्यावे. अवकाळी पाऊस २५-३० मि.मी. झाला असेल तर ती पाळी झाली असे धरून पुढचे दिवस मोजावेत आणि रानात साचलेले पाणी त्याच दिवशी बाहेर काढावे.

विहिरीचे पाणी मचूळ (खारट) आहे. चालेल का?

हरभरा क्षारांना फार हळवा आहे. पानांच्या कडा करपणे, रोपे खुजी राहणे आणि मुळांवर गाठी न येणे ही लक्षणे दिसली तर पाण्याची आणि मातीची तपासणी करून घ्यावी. चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) जमिनीत हे पीक घेऊ नये. मचूळ पाणी तुषारने तर देऊच नये, पाने करपतात.

शेवटचे पाणी केव्हा बंद करावे?

खालची पाने पिवळी पडू लागली आणि बहुतेक घाट्यांत दाणा भरला की पाणी थांबवावे, साधारण काढणीआधी पंधरा ते वीस दिवस. त्यानंतर पाणी दिले तर शेंड्याला नवी पालवी आणि फुले येतात, खालचे घाटे वाळून फुटू लागतात आणि वरचे हिरवेच राहतात. फुले विक्रमसारखा उंच वाण हार्वेस्टरने काढायचा असेल तर हे आणखी कटाक्षाने पाळावे, कारण हिरव्या घाट्यांमुळे मालात ओलावा राहतो आणि व्यापारी भाव पाडतो. साठवणीआधी माल उन्हात वाळवून दाण्यातला ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणावा.